बारीक टाक्याची गोधडी

नको म्हटलं तरी पोरं सोडत नाहीत, म्हणून सांगतो. मध्ये बोलायचं नाही.

फार पूर्वी काशाबाईची सुई गोधडी शिवत होती. लेकीचे दिवस भरत आले होते, थंडी तोंडावर होती. काशाबाई दूध तापेपर्यंत चार टाके घाली आणि दूध वर आलं की सुई तिथंच खोचून उठे.

कात्री हिणवायची, “अगं सुये, अशानं बाळाचं लग्न होईल! लांब टाके टाक नि मोकळी हो.”

“लांब टाक्यात बाळाचं बोट अडकतं,” सुई म्हणाली. “खोचलेली राहीन, पण बारीकच शिवीन.”

पहिल्याच थंडीत बाळ त्या गोधडीत पाय झाडत झोपलं. एकही बोट अडकलं नाही. कात्रीनं लगेच माफी मागितली. मला असंच हिणवणाऱ्या साडू भिकोबानं मात्र अजून मागितलेली नाही.