कोरड्या पाटातला लपंडाव

बाळांनो, आणि बाळांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, ही गोष्ट आहे फार जुन्या काळची. डोंगराच्या कुशीत एक नगर होतं. एके काळी तिथे राजा नांदत असे. पुढे राजा गेला, दरबार गेला, आणि मागे राहिल्या कमानी, हत्तीखाने, दगडी हौद आणि त्यांची देखभाल करणारी थोडी माणसं.

पायथ्याच्या खेड्यातली मुलं दर वर्षी सुगी संपली की एक दिवस हे नगर बघायला जात. गावातले म्हातारे दाजीबा त्यांना नेत. त्या वर्षी मुलांत राही होती आणि तिचा धाकटा भाऊ गुणा होता. निघताना आईने गुणाचा हात राहीच्या हातात दिला होता.

दाजीबांनी सगळं नगर फिरवून दाखवलं. शेवटी ते मुलांना एका बुटक्या भुयाराच्या तोंडाशी घेऊन गेले. वरच्या तळ्याचं पाणी या पाटातून हौदांत येतं, त्यांनी सांगितलं. दिवसभर पाट कोरडा असतो. दिवस कलला की वर नगारा वाजतो, तळ्याचं दार उघडतं आणि पाट छतापर्यंत भरून वाहतो. म्हणून इथे कुणी पाऊल ठेवायचं नाही.

मुलांनी माना डोलावल्या आणि ती लपंडावाला पळाली.

राज्य राहीवर आलं. राही चपळ होती, हुशार होती, पण हरणं तिला सोसत नसे. गुणा काही सापडेना, तेव्हा ती मोठ्याने म्हणाली, "डाव मोडला, या बाहेर." गुणा हत्तीखान्यातून बाहेर आला आणि तिने त्याला पकडलं. डाव मोडलेला नव्हताच.

पुढच्या वेळी राज्य आलं तेव्हा तो तिच्या हाकेने येईना. मग तिने दाजीबांना सांगितलं की सगळी मुलं सापडली, आता भाकरी खायला हाक मारा. दाजीबांनी भाबडेपणाने हाक मारली. गुणा पुन्हा फसला.

त्यानंतर तिने चिमाला गाठलं. चिमा ही कुंभाराची मुलगी. खेळात ती नेहमी मागे पडायची, कारण कुठे लपलीस असं विचारलं तर ती सांगून टाकायची. राहीने तिला पुढच्या वेळी डाव मोडल्याची हाक मारायला सांगितलं. चिमा गोंधळली.

"पण डाव मोडलेला नसेल ना," ती म्हणाली.

सगळी मुलं हसली. राही तर पोट धरून हसली. गुणा मात्र हसला नाही. तो बहिणीला म्हणाला, "आता घसा सुकेपर्यंत ओरडलीस तरी मी येणार नाही."

नवा डाव सुरू झाला, राज्य पुन्हा राहीवर. एकेक करून सगळी सापडली. गुणा सापडेना. राहीने हत्तीखाना पाहिला, कमानींच्या मागे पाहिलं, हौदांत डोकावून पाहिलं. उन्हं उतरली. आणि वर डोंगरावर नगारा वाजला.

राही पाटाकडे धावली. तोंडाशी मऊ गाळ होता. त्यात इवल्या पावलांचे ठसे आत गेले होते. बाहेर आलेला एकही नव्हता.

दाजीबांनी एका चपळ मुलाला तळ्याकडे पिटाळलं, पण दगडी दार एकदा उघडलं की ते बंद करायला बराच वेळ लागे, हे त्यांना ठाऊक होतं. राही आत शिरू लागली तसं त्यांनी तिला दंडाला धरून मागे ओढलं. आत पाटाला फाटे होते. कुठल्या फाट्यात शिरायचं?

राहीने तोंड आत घालून हाक मारली, "गुणा, ये बाहेर. डाव मोडला."

आतून दबलेलं हसू ऐकू आलं. ते सगळ्या फाट्यांतून एकदमच आल्यासारखं वाटलं.

तिने सांगितलं की पाणी सुटलंय. तिने आईची शपथ घातली. मग दाजीबांनी हाक मारली. पण त्यांचीही हाक दुपारी खोटी ठरली होती. आत सगळं चिडीचूप. दूरवर, दगडाच्या पोटात, घुमल्यासारखा आवाज सुरू झाला.

राहीने वळून पाहिलं. चिमा गर्दीच्या मागे उभी होती. राही तिच्याकडे गेली आणि तिचा हात धरला.

"तू बोलाव त्याला. माझं तो ऐकणार नाही."

चिमा गाळात गुडघ्यांवर बसली. ती ओरडली नाही. "गुणा, मी चिमा," ती म्हणाली. "पाणी खरंच येतंय. मला त्याचा आवाज ऐकू येतोय. लवकर ये."

मग आत खरडल्याचा आवाज झाला. अंधारातून आधी हात आले, मग गाळाने माखलेलं डोकं. राहीने त्याला काखेत धरून खेचलं. ती दोघं काठावर कोसळली न कोसळली तोच पाणी फेसाळत भुयारातून बाहेर पडलं.

राहीने गुणाला जवळ घ्यायला हात पुढे केले. तो चिमाला जाऊन बिलगला. डोंगर उतरतानाही त्याने चिमाचाच हात धरला, आणि राही मागून एकटी चालत आली.

पुढे कितीतरी दिवस राहीने जेवायला हाक मारली तरी गुणा आधी चुलीकडे डोकावून बघे. राहीने त्याच्यावर कधी राग धरला नाही. खेळात हार आली तर ती मान्य करू लागली, आणि विचारलं की असेल ते सांगू लागली.

एका दुपारी गुणा खळ्यावर दगड उचलत होता. राही लांबून म्हणाली, "हात काढ, विंचू आहे." त्याने वळूनही पाहिलं नाही, झटकन हात मागे घेतला. राही तिथेच खाली बसली आणि तिला रडू फुटलं.

शब्द सगळ्यांपाशी तेच असतात. त्यांना वजन येतं ते बोलणाऱ्याच्या खरेपणामुळे.