शेजारची खुर्ची

“‘अजून नाही’ असं का सांगितलंत, सर?”

 विमानं ठेवायच्या हँगरच्या दारात, वेताच्या खुर्चीवर, नाडगौडा सर माळाकडे तोंड करून बसले होते.

“कंपनीच्या मुख्य वैमानिकांनी तुम्हाला फोन केला. ते तुमचेच जुने विद्यार्थी. त्यांनी विचारलं, मधुरा इंगवले कशी आहे. आणि तुम्ही म्हणालात, अजून नाही.”

“म्हणालो.”

“लेखी परीक्षेत मी पहिली आले. मुलाखत झाली. सगळं झालं. आता तुमच्या एका शब्दावर अडलंय.”

“हं…”

 मधुराच्या हातात वैमानिकाचा परवाना पडून तीन वर्षं होत आली होती. बरोबरीची मुलं केव्हाच मोठ्या विमानांत जाऊन बसली, आणि ही रोज सरांच्या फ्लाइंग क्लबात येत, अर्जांवर अर्ज करत राहिली. शेजारणी आईला विचारायच्या, मुलगी उडते म्हणे तुमची, पण दिसते तर रोज दारातच. आता कुठे एका कंपनीने दार किलकिलं केलं होतं, तर त्या दारात तिचे स्वतःचे गुरूच आडवे उभे राहिले होते.

“माझ्यात काय कमी आहे, ते तरी सांगा.”

“तूच सांग.”

 तिला खरंच वाटत होतं ते ती म्हणाली.

“काही नाही.”

तिचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. क्लबात तिच्या नजरेतून काही सुटत नसे. नवख्या पोराचा पट्टा जरा ढिला दिसला, की चारचौघांत ती त्याची खरडपट्टी काढी. पोरं तिला मागून ‘सासूबाई’ म्हणत. ते तिला कळलं होतं, आणि खरं सांगायचं तर आवडलंही होतं.

“मी कुणाची चूक सोडत नाही, सर.”

“कुणाची?”

“कुणाचीच.”

सर खुर्चीच्या हाताला धरून उठले.

“चल. एक फेरी मारून येऊ.”

क्लबचे जुने मेकॅनिक हुसेनचाचा. त्यांनी दोन सीटांचं लहान विमान बाहेर काढलं. मग ते सरांच्या अर्धं पाऊल पुढे चालत राहिले, आणि बोलत राहिले. “पंख आला, सर… वाका… पायरी, सर…” चाचांची ही सवय मधुरा रोज पाहत होती. रोज पाहून पाहून तिने ती पाहणंच सोडलं होतं.

वारा समोरून होता. मधुराने विमान उचललं, माळावरची बाभळीची झाडं खाली गेली, रस्ता खाली गेला.

विमानात दोघांपुढेही सुकाणू असतं, पण विमान एका वेळी एकाच्याच हातात हवं. ते कुणाच्या हातात आहे याचा घोळ झाला, की दोघांचाही कारभार आटोपला. म्हणून देणाऱ्याने सांगायचं आणि घेणाऱ्याने उत्तर द्यायचं, ही जगभरची रीत. सरांनी ती मराठीत आणली होती. देणारा म्हणे, “तुझ्याकडे.” घेणारा म्हणे, “माझ्याकडे.” ते उत्तर कानावर पडेपर्यंत देणाऱ्याने हात काढायचा नाही. या एका बाबतीत सरांनी कधी कुणाची गय केली नव्हती.

गावाला वळसा घातल्यावर सर म्हणाले, “उतरवतो मी. दे.”

मधुराला नवल वाटलं. सरांनी स्वतः विमान उतरवल्याला किती दिवस झाले होते, ते तिला आठवेना. “तुम्ही शिकायला आलाय की मी,” असं म्हणत ते नेहमी विद्यार्थ्यांनाच उतरवायला लावत.

“तुमच्याकडे, सर.”

“माझ्याकडे.”

तिने हात काढून मांडीवर ठेवले.

धावपट्टीच्या कडेला एका खांबावर वाऱ्याची दिशा दाखवणारी लांब कापडी पिशवी असते. विमान उतरवायचं ते वाऱ्याला सामोरं. वारा पाठीशी असला तर तो विमानाला पुढे ढकलत नेतो आणि ते जमिनीवर टेकायला तयारच होत नाही. हे पहिल्या आठवड्यात शिकवतात.

वर असताना वारा फिरला होता. पिशवी उलट्या बाजूला फुगून ताठ उभी होती.

सर मात्र मघाच्याच बाजूने उतरायला निघाले.

तिला वाटलं, आता वळतील. ते वळले नाहीत. तिने सरांकडे पाहिलं. चेहरा शांत होता, डोळे समोर होते. धावपट्टी सुरू झाली, आणि विमान तिच्यावरून तरंगत पुढे पुढेच जाऊ लागलं.

बोलावं का…

पण कुणाला सांगायचं? या माणसाने तिला पहिल्यांदा आकाशात नेलं होतं. वारा फिरलेला त्याच्या लक्षात आला नसेल, हे म्हणायचं कोणत्या तोंडाने? शिवाय नोकरीचा तो एक शब्द याच माणसाच्या तोंडात होता. आणि तो शब्द तिला हवा होता.

तिने ओठ मिटून घेतले.

चाकं टेकली तेव्हा पट्टी संपत आली होती. ब्रेक किंचाळले. कुंपणाची तार समोर आली, तारेमागची शेळी मान वर करून पाहू लागली, आणि विमान थांबलं.

इंजिनाखेरीज कशाचा आवाज नव्हता.

“कसं उतरवलं?” सरांनी विचारलं.

“छान,” मधुरा म्हणाली. “छान उतरवलंत, सर.”

सरांनी मान हलवली.  “तुझ्याकडे,” एवढंच म्हणाले, आणि ती विमान हँगरपाशी घेऊन आली.

सर पुन्हा वेताच्या खुर्चीवर बसले. ती समोर उभी राहिली. 

“सर… ती परीक्षा होती ना? मुद्दाम केलंत ना?”

“तुला काय वाटतं?”

तिला काय वाटत होतं ते तिला कबूल करायचं नव्हतं. परीक्षा असली तर ती नापास झाली होती, तेवढंच. पण परीक्षा नसली तर…

हुसेनचाचा चहा घेऊन आले. त्यांनी कप स्टुलावर ठेवला. सरांच्या उजव्या हाताशी, कपाचा कान सरांकडे वळवून, रोज ठेवत तसाच. का रोज तसाच ठेवतात, हे तिच्या आज पहिल्यांदा मनात आलं.

ती पुढे झाली. आवाज न करता तिने कप वीतभर बाजूला सरकवला.

चाचांनी ते पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला.

सरांचा हात स्टुलावर आला. जिथे कप असायला हवा होता तिथे बोटं मिटली. मग उघडली. मग हात लाकडावरून हळूहळू चाचपडत फिरू लागला.

मधुराला रडू आलं. आपण किती वाईट वागलो, असं तिला वाटलं. तिने कप उचलून त्यांच्या हातात दिला. आता नोकरी जाते तर जावो, असं मनाशी म्हणाली, आणि बोलली.

“सर, तुम्हाला दिसत नाही.”

चाचांनी मान खाली घातली.

“वारा फिरला होता. पिशवी उलटी होती. पट्टी तुम्ही वर्षांच्या सवयीने गाठलीत, पण पिशवी तुम्हाला दिसली नाही. यापुढे तुम्ही विमानात बसायचं नाही, सर.”

सरांनी चहाचा एक घोट घेतला.

“डॉक्टर दरवर्षी तपासतात ना तुम्हाला?” तिने विचारलं.

“तोही विमान चालवायला माझ्याच हाताखाली शिकलाय. म्हणतो, तुम्हाला काय तपासायचं, सर. बसा, चहा घ्या.”

तिने चाचांकडे पाहिलं. “चाचा, तुम्हाला ठाऊक होतं?”

“सगळ्यांना ठाऊक होतं, बेटा,” चाचा खाली बघत म्हणाले. “पण सरांना बोलणार कोण?”

 माळावर पिशवी फडफडत होती.

“फोन लाव त्याला,” सर म्हणाले.

कुणाला, ते विचारावं लागलं नाही. तिने क्रमांक लावला आणि फोन सरांच्या हातात दिला. आता काय ऐकावं लागणार याची तिने मनाची तयारी केली होती.

“नाडगौडा बोलतोय… हो, तिच्याचबद्दल. घे तिला…” पलीकडून काहीतरी विचारणं झालं. सर थोडे थांबले. “कुणाशेजारी म्हणून काय विचारतोस? तुझ्याच शेजारी बसव.”

त्यांनी फोन तिला परत दिला. मग सदऱ्याच्या खिशातून विमानाची किल्ली काढली आणि पुढे धरली, तिच्यापासून जरा डावीकडे.

तिने हात तिकडे नेला. किल्ली तळव्याला लागली. सरांची बोटं मात्र किल्लीवर तशीच घट्ट होती.

“तुझ्याकडे,” सर म्हणाले.

 उत्तर तोंडातून बाहेर पडेना. डोळ्यांतलं पाणी तिच्या मनगटावर पडलं, आणि तरी ती बोटं सुटेनात.

“बोल, पोरी,” सर म्हणाले. “तू बोलल्याशिवाय मला सोडता येत नाही.”