मागच्याची धोपटी

“अजून काय राहिलं, ते सांगा.”

इंद्रनीलने विचारलं खरं, पण त्यात विचारणं फार थोडं होतं. काहीच राहिलेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. ते ताईंच्या तोंडून ऐकायचं होतं, इतकंच.

कमळताई काशीद ओट्यावर बसून गवार निवडत होत्या. समोरच्या अंगणात इंद्रनीलने अख्खी पिशवी उपडी केली होती आणि एकेक वस्तू अशी हारीने मांडली होती, की बघणाऱ्याला वाटावं रुखवतच मांडलाय.

ताई शाळेत खेळाच्या बाई होत्या. निवृत्त झाल्या आणि कावळकड्याच्या माथ्यावर, आपल्या वाडीत परत येऊन राहिल्या. तिथल्या पायवाटांवरून सायकल कशी चालवायची ते शिकवू लागल्या. शिकवणं म्हणजे काय, तर “चल” म्हणायचं आणि आपण निघायचं. तरी पार पुण्याहून माणसं येत.

ताईंचे वडील वाड्यावस्त्यांवर फिरून हजामती करायचे. वस्तरा, कातर, साबण, आरसा ज्या पिशवीत ठेवायचे, ती धोपटी. ताई सायकलीच्या दुरुस्तीच्या पिशवीलाही धोपटीच म्हणत. त्यांचं ऐकून सगळेच म्हणू लागले.

“हे काय?” ताईंनी एक बारीकशी कडी उचलली.

“साखळी तुटली तर जोडायला. आणि हे पिन काढायचं हत्यार.”

“हा रबराचा तुकडा?”

“टायर कडेला फाटला तर आतून अस्तर लावायला. नाहीतर ट्यूब फुगून बाहेर येते.”

“ट्यूबा दोन?”

“पहिलीला पुन्हा काटा लागला तर?”

“आणि दुसरीला लागला म्हणजे?”

“मग ठिगळं आहेत, सोल्युशन आहे.” इंद्रनील हसला. “सोल्युशनची नळी नवीन आहे, ताई. उघडलेली नळी महिनाभरात वाळून जाते, हे लोकांच्या लक्षातच येत नाही.”

ताईंनी मान हलवली. लोकांच्या लक्षात येत नाही हे खरंच होतं.

मागचा गिअर ज्याला लटकतो तो धातूचा कानही त्याने आणला होता. दगडावर आपटला की तो वाकतो, आणि प्रत्येक सायकलचा निराळा असतो, म्हणून येणाऱ्या प्रत्येकाच्या सायकलचा विचारून आणला होता. किल्ल्या होत्या, पंप होता, चिकटपट्टी होती. जखमेवर दाबून धरायला जाड गॉझ, गुंडाळायला बँडेज, साखरमिठाच्या पुड्या, थंडी भरलेल्या माणसाला लपेटायला तो चांदीसारखा कागद…

ताईंनी सगळं नीट बघितलं. एका जागी चुकला असता तरी त्यांनी सांगितलं असतं, कारण त्या बाबतीत ताई कुणाची भीडभाड ठेवणाऱ्या नव्हत्या.

“काय राहिलं?” त्याने पुन्हा विचारलं.

“काही नाही.”

इंद्रनीलला आभाळ ठेंगणं झालं.

“मग रविवारी…?”

रविवारी नवी मंडळी येणार होती. पहिल्यांदाच कड्याची वाट उतरणार होती. त्यांच्या पुढे कोण राहणार, ते ताई आज सांगणार होत्या. इंद्रनील ह्या एका शब्दासाठी गेलं वर्षभर पुण्याहून खेटे घालत होता. ऑफिसातल्या लोकांनाही त्याने सांगून टाकलं होतं, ताईंच्या आधी.

ताईंनी गवारीची परडी आत ठेवली. हात पुसले.

“चल. उतरून येऊ. मग बोलू.”

कड्याची वाट एकेरी. एका बाजूला कड्याची भिंत, दुसऱ्या बाजूला कारवीची झुडपं आणि खाली दरी, आणि मध्ये सायकलीच्या चाकाला कशीबशी पुरेल एवढी माती. तिथे दोघं शेजारी चालू शकत नाहीत. एक पुढे, एक मागे.

“आज तू पुढं,” ताई म्हणाल्या.

इंद्रनीलने वस्तू भराभर भरल्या, आणि धोपटी उचलली. ताईंनी हात पुढे केला.

“आण इकडं. मी मागं आहे.”

ताईंकडे नेहमी येणाऱ्या मंडळींची तशी रीतच होती. धोपटी शेवटच्याकडे. एरवी ती फिरोज तांबोळीच्या पाठीवर असायची, कारण फिरोज कायम शेवटी असायचा. इंद्रनीलने मनातल्या मनात ह्या रीतीचा अर्थ कधीच लावून टाकला होता. जो हळू जातो त्याच्यावर ओझं टाकायचं, म्हणजे वेगाने जाणारे मोकळे.

आणि आज मागे होत्या ताई. साठी उलटलेल्या.

“असू द्या, ताई. जड आहे. तुम्हाला कशाला ओझं?”

त्याने धोपटी आपल्याच पाठीला आवळली. ताईंचा हात क्षणभर तसाच राहिला. मग त्यांनी तो मागे घेतला, हँडलवर ठेवला, आणि गळ्यातल्या दोरीची शिट्टी सदऱ्याच्या आत सारली.

“नीघ,” म्हणाल्या.

इंद्रनील निघाला.

असा उतरला तो, की त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. वळणावर आतला पाय पेडलवरून काढला नाही. खडकाच्या पायरीवर चाक अलगद सोडलं. कारवीच्या फांद्या हेल्मेटला चाटून जात होत्या, आणि तो मनात रविवारच्या मंडळींना सांगत होता, बघा, असं उतरायचं असतं.

वाट ओढ्यापाशी संपते. तिथे तो थांबला, हेल्मेट काढलं आणि ओढ्याचं पाणी तोंडावर मारून घेतलं.

ताई आल्या नव्हत्या.

येतील, तो मनाशी म्हणाला. वय झालंय.

खिशातली चिक्की काढली, खाल्ली. सायकलीचं चाक फिरवून बघितलं. उन्हं समोरच्या डोंगराच्या धारेवरून खाली सरकली, आणि वर वाटेवर काही हललं नाही.

ताईंचा एक नियम होता. वर कुणी पडलं, अडलं, तर शिट्टी वाजवायची. शिट्टी ऐकल्याशिवाय खालच्याने वर चढायचं नाही. कारण उघड होतं. एकेरी वाटेवर वरचा वेगात येत असला आणि खालचा त्याच्या अंगावर चढत आला, तर दोघांचंही काही खरं नाही.

शिट्टी वाजली नव्हती. म्हणजे वर सगळं ठीक होतं.

इंद्रनीलने ते स्वतःला बजावून सांगितलं. थोड्या वेळाने पुन्हा सांगितलं. शिट्टी नाही, म्हणजे ठीक. आज आपली परीक्षा आहे. नियम मोडला आणि वरून ताई आरामात येताना दिसल्या, तर रविवार हातचा गेला. त्या हसतील. “दम नव्हता का रे तुला?” म्हणतील.

तो बसून राहिला.

पाठ अवघडली, म्हणून त्याने धोपटी काढून मांडीवर घेतली. चांगलीच जड होती. ट्यूबा होत्या, कडी होती, गॉझ, बँडेज…

त्याचा हात तिथेच थांबला.

सगळं इथे होतं. एकूण एक. वर ताईंकडे काय होतं? सायकल, आणि अंगावरचे कपडे. त्यांनी मागितली होती धोपटी. हात पुढे करून मागितली होती. आणि हा, मोठा उपकार केल्यासारखा, ती घेऊन डोंगर उतरून आला होता. ज्याच्या मागे कुणी येणार नाही अशा माणसाला आपण रिकाम्या हाताने मागे ठेवून आलो!



त्याने सायकल तिथेच टाकली आणि वर धावत सुटला. नियम मोडतोय हे त्याला कळत होतं, म्हणून प्रत्येक वळणाआधी तो ओरडत होता, “ताई! खालून येतोय! ताई!”

उत्तर येत नव्हतं. छातीचा भाता झाला. गुडघ्यावर हात टेकत, कारवीची खोडं धरत तो चढत राहिला, आणि खडकाच्या पायरीशी पोचला तेव्हा आधी त्याला सायकल दिसली. आडवी. तुटलेली साखळी मातीत लोंबत होती.

मग ताई दिसल्या.

कड्याला टेकून बसल्या होत्या. उजवी बाही कोपरापासून मनगटापर्यंत लाल. डोक्याचा रुमाल त्यांनी हातावर गुंडाळला होता, तोही भिजून काळा पडला होता. खाली मातीत रक्ताचा डाग केवढातरी पसरला होता.

“ताई!”

ताईंनी डोळे उघडले. “आलास?”

तो गुडघ्यांवर कोसळला. धोपटीची चेन ओढली तर ती अडकली. गॉझचं पाकीट नवंकोरं होतं, घामाच्या बोटांना ते फाटेना. त्याने दाताने फाडलं. रुमाल सोडवला, आतली जखम बघितली आणि त्याला भडभडून आलं. दगडाच्या कडेने हात चांगलाच चिरला होता.

“दाबून धर,” ताई म्हणाल्या. “रडायचं ते मग रड.”

त्याने गॉझ दाबून धरला. बराच वेळ धरला. रक्त थांबलं, तेव्हा त्याने बँडेज गुंडाळलं, साखरमिठाची पुडी बाटलीत ढवळली, बाटली त्यांच्या तोंडाशी लावली. ताई घोट घोट प्यायल्या. त्यांचा डावा हात मात्र मांडीवर तसाच होता, मूठ आवळलेली. कळा येत असतील, इंद्रनीलला वाटलं.

“साखळी तुटली ऐन पायरीवर,” ताई म्हणाल्या. “पायाखालचं पेडलच सुटल्यागत झालं.”

  हात रिकामा नको म्हणून त्याने साखळी धरली, पिन काढली, कडी बसवली. काम बिनचूक झालं. आज अंगणात ह्याच कडीबद्दल आपण किती मिरवलं, हे आठवून त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“चुकलं माझं, ताई. धोपटी मागच्याकडे हवी. मी पुढे घेऊन गेलो.”

“हं.”

“नियम म्हणून खाली बसलो. शिट्टी आली नाही, म्हणून मला वाटलं… शिट्टी पडली का तुमची? पडताना दोरी तुटली?”

ताईंनी डावी मूठ उघडली.

तळव्यावर शिट्टी होती. अख्खी. घट्ट धरून धरून तिचा ठसा तळव्यावर उमटला होता.

इंद्रनील बघतच राहिला. आधी त्याला कळलंच नाही. मग कळलं.

“ही… हातात होती?”

“होती.”

“शुद्धीवर होतात तुम्ही?”

“होते की. तू ओढ्यावर तोंड धुतलंस, ते दिसलं मला इथनं.”

ताईंनी हनुवटीने दाखवलं. कारवीच्या फटीतून ओढा स्वच्छ दिसत होता. तो बसला होता तो दगडसुद्धा.

“चिक्की खाल्लीस,” ताई म्हणाल्या.

इंद्रनील ताडकन उठला. त्याला राग आला होता, खराखुरा राग, आणि त्या रागाखाली भीती.

“एवढं रक्त गेलं तुमचं! एक फुंकर मारायची होती, ताई! एक! मी धावत आलो असतो. जीव गेला असता म्हणजे? मी तसाच खाली बसून राहिलो असतो म्हणजे?”

“बसला होतासच.”



खाली ओढ्याचा आवाज चालू होता. इंद्रनीलने चेहरा दंडाला पुसला. त्याच्या बाहीवर ताईंचं रक्त होतं, ते गालाला लागलं, त्याचंही त्याला भान नव्हतं.

“रविवारी मी पुढे नको,” तो शेवटी म्हणाला. “कळलं मला.”

 भिंतीसारख्या कड्याला पाठ लावून ताई उठल्या, थोड्या झोकांडल्या, सावरल्या. त्याने धरायला हात पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही. धोपटी उचलली, तिची अडकलेली चेन एका हाताने सोडवून लावली, आणि ती त्याच्या हातात दिली.

“पाठीला लाव.”

“मी?”

“मी पुढं होते. तू मागनं ये.”

 त्याने धोपटी पाठीला लावली. ताईंची सायकल हाताने धरली. ताई चालू लागल्या, हळूहळू, बँडेजचा हात छातीशी धरून, आणि तो त्यांच्या मागे, त्या जिथे पाय टाकतील तिथे बघत, एक वळण, मग दुसरं.

तिसऱ्या वळणावर त्याला राहवलं नाही.

“ताई…”

“हं?”

“पण शिट्टी का नाही वाजवलीत?”

ताई थांबल्या नाहीत. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही.

“वाजवली असती तर कोणीही आलं असतं. न वाजवता कोण येतं, ते बघायचं होतं.”