जादा दीड अंश

"सर, अजून काय पुरावा पाहिजे तुम्हाला?"

हेमराज कोहपरेने वही टेबलावर जवळजवळ आपटलीच.

वझलवार सरांनी ती उघडली नाही. नागभीडच्या ज्युनिअर कॉलेजात त्यांनी तीस वर्षं फिजिक्स शिकवलं होतं. आता निवृत्त होऊन तिथेच एकटे राहत होते. हेमराज त्यांचा जुना विद्यार्थी. ब्रह्मपुरीत त्याचं मोटर रिवाइंडिंगचं दुकान होतं. सात महिन्यांपासून ते बंद होतं.

सात महिने तो एकाच गोष्टीच्या मागे होता. सूर्याच्या पोटात अणू एकमेकांत मिसळतात आणि उष्णता निघते. तेच घरच्या घरी, बाटलीभर पाण्यात घडवायचं. कोल्ड फ्युजन. असे प्रयोग करणारी हौशी माणसं जगात बरीच आहेत. हेमराज म्हणत होता, मला ते साधलं.

आज तो सगळं सामान घेऊनच सरांच्या घरी आला होता. थर्माकोलचे दोन डबे. प्रत्येक डब्यात क्षाराच्या पाण्याची एक काचेची बाटली. एका बाटलीत निकेलची तार, दुसरीत नुसता छोटा हीटर. दोन्हींना वीज अगदी सारखी. आणि प्रत्येकीत एक डिजिटल थर्मामीटर.

"सकाळी आठला लावलं. आता बघा ना जी."

हीटरची बाटली एकसष्ट अंशांवर होती. निकेलची साडेबासष्टवर.

"वीज तेवढीच. मग हा दीड अंश कुठून आला? चोवीस वेळा लावलं, सर. चोवीसही वेळा आला."

सर आकड्यांकडे बघत राहिले...

"रविवारी ब्रह्मपुरीला लोकांसमोर दाखवणार आहे. पत्रिका वाटून झाल्या. तुम्ही पहिल्या रांगेत पाहिजे."

"थर्मामीटर तपासलेस?"

"बर्फात धरून. दोन्ही बरोबर शून्य."

"फक्त बर्फात?"

हेमराज हसला. "सर, मी काय आता अकरावीत आहे?"

सर उठले. त्यांनी दोन्ही थर्मामीटर बाहेर काढले. याच्या जागी तो घातला, त्याच्या जागी हा. डब्यांची झाकणं लावली.

"बस."

दोघं बसले. समोरच्या राईस मिलमध्ये पोती उतरत होती. सरांनी डोळे मिटून घेतले होते.

दहा मिनिटं गेली.

"वाच."

हेमराज वाकला. "निकेलची... एकसष्ट."

"दुसरी?"

तो वाकलेलाच राहिला.

"हेमराज, दुसरी?"

"साडेबासष्ट."

दीड अंश थर्मामीटरबरोबर पलीकडच्या बाटलीत गेला होता. बर्फात शून्य दाखवणारा तो थर्मामीटर गरम पाण्यात दीड अंश चढा दाखवत होता. सात महिने दाखवत आला होता.

हेमराजने थर्मामीटर पुन्हा बदलले. मग पुन्हा एकदा. थर्मामीटर जाईल तिकडे उष्णता जात होती. चौथ्या वेळी त्याने झाकण हातात घेतलं आणि तसाच खाली बसला.

...

"तुम्हाला आधीच माहीत होतं."

"नाही."

"मग बदलून काहून पाहिलंत?"

"तो दीड अंश जागचा हलणार नाही, या आशेने. देव पाण्यात घालून बसलो होतो मी आता."

हेमराजने मान वर केली.

"तेरा वर्षं हाच प्रयोग लावत होतो मीही," सर म्हणाले. "याच खोलीत. तुला कधी बोललो नाही."

"काय मिळालं?"

"शून्य."

हेमराजने हातातलं झाकण बाजूला ठेवलं. मग म्हणाला, "रविवारचं रद्द करतो. तब्येत बिघडली म्हणून कळवतो."

सरांनी टेबलाच्या खणातून एक पाकीट काढलं आणि त्याच्यापुढे धरलं. पाठवणारीचं नाव होतं कुंदा रहांगडाले.

हे नाव हेमराजला ठाऊक होतं. त्याने इंटरनेटवर टाकलेल्या व्हिडिओंवरून वीस-बावीस जण हाच प्रयोग करत होते. कुंदा त्यांतलीच एक. गोंदियाच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची. हेमराज प्रत्येक व्हिडिओत वझलवार सरांचं नाव घेत असे. त्यावरूनच तिने पत्ता शोधला होता.

"मोठ्याने वाच."

"आदरणीय सर," हेमराज वाचू लागला, "हेमराजभाऊंच्या पद्धतीने मी एकोणीस वेळा प्रयोग लावला. एकदाही जादा उष्णता मिळाली नाही. भाऊंना फोन केला होता. ते म्हणाले, ताई, तुमच्या हाताला वळण नाही, हे काम सगळ्यांना जमत नसतं..."

तो थांबला.

"पुढे."

"...माझंच कुठेतरी चुकत असणार. दोन्ही थर्मामीटर दर दहा अंशांना एकमेकांशी ताडून पाहते. दर वेळी त्यांची अदलाबदलही करते..."

हेमराजचं बोट 'अदलाबदल' या शब्दावर थांबलं. सर वाट बघत होते.

"...तरी काही फरक पडत नाही. हात कसा सुधारावा ते कळवावं. नाहीतर सोडून देते. सामान शाळेला देऊन टाकीन."

त्याने पत्राची घडी घातली. घडी नीट बसली नाही. पुन्हा घातली.

"कधी आलं हे?"

"परवा."

"मग मी आल्याबरोबर का नाही दाखवलंत?"

"तिचं शून्य मला माहीत होतं. तुझा दीड अंश खरा की खोटा, ते माहीत नव्हतं."

हेमराजने फोन काढला. नंबर शोधताना दोनदा चुकला. घंटा वाजली. फोन उचलला गेला.

"कुंदाताई, हेमराज बोलतो... नाही, नाही, तुम्ही ऐका आधी. तुमचा हात चांगला आहे. माझा थर्मामीटर चुकीचा होता... हो, चोवीसही वेळा. जादा काही नव्हतंच. एकोणीसही वेळा तुमचंच बरोबर होतं."

त्याने फोन कानाशी घट्ट धरला.

"ताई?"

"खरं सांगता जी?"

"सरांसमोर बसून सांगतोय. आणि ते हाताचं जे बोललो... ते चुकलं माझं."

"अरेरे," कुंदा म्हणाली. "मला वाटत होतं, माझ्याकडे नाही तर नाही, तुमच्याकडे तरी आहे."

हेमराजने फोन खाली ठेवला. त्याचे डोळे भरून आले होते. ते त्याने पुसले नाहीत.

"रविवारी उभा राहतो मी," तो म्हणाला. "थर्मामीटर सगळ्यांसमोर बदलून दाखवतो."

सरांनी मान डोलावली.

"लोक हसतील," हेमराज म्हणाला.

"हसतील."

हेमराज सामान आवरू लागला. बाटल्या रिकाम्या केल्या, तारा गुंडाळल्या. एकदम तो वळला आणि त्याने सरांचे पाय धरले.

"सर, मला हे सोडायचं नाही. पण मला काहीच येत नाही. पहिल्यापासून शिकवाल?"

सरांनी हळूच पाय मागे घेतले.

"माझ्याकडून नाही. सोमवारी गोंदियाची गाडी किती वाजता आहे, बघ."