कौतिकाचा मुऱ्हाळी

एकदा काय झालं बरं का, उन्हाळा आला आणि जाईचना. नुसता ठाण मांडून बसला.

धानोरे नावाचं गाव होतं. त्या गावात कौतिका नावाची एक सून होती. लग्नाला तिसरं वर्ष. घरात सासू, सासरे, नवरा आणि एक शेळी. आणि ऊन असं पडलेलं की काय सांगू. कौतिका बाजेवर कुरडई घालायची, तर दुसरी घालेपर्यंत पहिली वाळून खडखडीत. सासरे पंचा भिजवून डोक्याला बांधायचे, तर गाठ मारायच्या आत पंचा कोरडा. हसू नका गं, खरंच सांगते. शेळी रांजणाखालच्या ओल्या वाळूत जाऊन बसली ती उठायचं नाव घेईना. रोज सासू तिला कानाला धरून उठवायची आणि मग स्वतः तिथं पाय टेकून बसायची.

मग लोकांनी काय केलं? पहाटेच पाणी भरायचं, पहाटेच भाकरी थापायच्या. दहा वाजले की दारं लावून घ्यायची. खिडकीला ओलं लुगडं टांगायचं. दुपारी चूल पेटवायची नाही, आंबील प्यायची आणि कांदा फोडून खायचा. आणि एवढं करून वेळ उरायचाच, तर त्या वेळात उन्हाळ्याला शिव्या द्यायच्या. मेला कधी काळं करतोय तोंड, असं सासू दिवसातून दहादा म्हणायची. अख्खं गाव म्हणायचं. कौतिकाही म्हणायची.

तिचं कारण मात्र वेगळं होतं. तिला माहेरी जायचं होतं.

आता ऐका, त्या काळी सून एकटी उठून माहेरी जात नसे. तिला न्यायला माहेरचं माणूस यायला लागायचं. बहुतेक भाऊच यायचा. त्याला मुऱ्हाळी म्हणायचे. मुऱ्हाळी आला की सुनेचं गाठोडं बांधायचं, तिची वेणी घालायची आणि तिला मानानं पाठवायचं. मुऱ्हाळ्याशिवाय गेली, तर लोक म्हणायचे, हिचं माहेरी कुणाला काही पडलेलं दिसत नाही. आणि कौतिकाला भाऊ नव्हता. माहेरी, म्हणजे तीन कोसांवर बोरखेडला, एकटी आई. दोन वर्षं म्हातारा चुलता न्यायला आला. यंदा त्याचे गुडघे धरले आणि असल्या उन्हात त्याला पाठवायचं कुणी? त्याचा निरोप आला, ऊन उतरलं की येतो.

पण ऊन उतरलं की मिरग, म्हणजे पहिला पाऊस. मिरग लागला की पेरणी. आणि पेरणीच्या दिवसांत शेतकऱ्याची सून माहेरी जात नाही, हे तुम्हाला माहीत नसेल, पण तिला पक्कं माहीत होतं. म्हणजे ऊन असताना कुणी येणार नाही आणि ऊन गेल्यावर ही जाणार नाही. झालं. आई वर्षभर दिसायची नाही.

घरातले सगळे दुपारी आडवे व्हायचे. कौतिका तेवढी दाराच्या फटीला डोळा लावून रस्त्याकडं बघत बसायची. रस्त्यावर काय दिसणार? फुफाटा. पण बघितल्याशिवाय तिला राहवायचं नाही. आईची आठवण यायची ती कुठल्याही गोष्टीनं यायची. आंबिलीत ताक जास्त पडलं तरी यायची.

एके दिवशी ऐन दुपारी रस्त्यानं एक माणूस आला. उंचापुरा, डोक्याला भलामोठा तांबडा फेटा, काखेत गाठोडं, पाय धुळीनं भरलेले. तो सरळ यांच्याच दाराशी येऊन उभा राहिला. असल्या उन्हात, हातात गाठोडं, पायावर धूळ. दुसरं कोण असणार? माहेरचाच माणूस. आईनं कुणाची तरी विनवणी करून पाठवलाय.

तिनं दार उघडलं. बसा दादा म्हणाली. गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी पुढं ठेवलं. तो पाणी प्यायला. तिनं पुन्हा दिलं, तो पुन्हा प्यायला. असं करता करता रांजण संपला. मग तो उठला, काही न बोलता निघून गेला. सासू झोपेतून उठून रांजणात वाकून बघते तर तळाला शेळीपुरतंसुद्धा पाणी नाही. मग जी काय बोलणी बसली. कौतिकानं ती ऐकून घेतली. तिला वाटलं, थकला असेल बिचारा. उद्या येईल आणि सांगेल.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो परत आला. आज म्हणाला, जरा टेकू का? कौतिकानं ओसरीवर पाणी शिंपडलं, घोंगडी भिजवून अंथरली, कैरीचं पन्हं करून दिलं. तो पडून राहिला. उठून गेला तेव्हा घोंगडी कोरडी ठणठणीत, ओसरीला भेगा, आणि सकाळी घातलेले उडदाचे पापड बघावेत तर तव्यावर टाकावेत तसे फुललेले. सासू ते पापड खात खात म्हणाली, बरे झालेत, पण भाजले कुणी? कौतिकानं उरलेले पापड डब्यात भरले. मनात म्हणाली, पाहुणा मोठ्या माणसांपुढं बोलायला लाजत असेल. उद्या आपणच विचारू.

तिसऱ्या दिवशी तिनं गाठोडं बांधून ठेवलं. डोक्याला तेल लावलं, नवं लुगडं नेसली. तो आल्या आल्या तिनं विचारलं, "दादा, निघायचं कधी? माय वाट बघत असेल."

तो गोंधळला. म्हणाला, "कुठं निघायचं, बाई?"

"माहेरी. तुम्ही मला न्यायला आलात ना?"

तेव्हा त्या माणसानं मान खाली घातली. म्हणाला, "मला कुणी पाठवलं नाही गं. मी उन्हाळा."

कौतिकाला रडू फुटलं. मग राग आला. सगळं अहो-जाहो विसरून ती त्याला म्हणाली, की तुझ्यापायी माझा चुलता घराबाहेर पडला नाही, तुझ्यापायी माय तिकडं एकटी बसलीये, आणि तुला मी गूळपाणी नि पन्हं पाजतेय. जातोस कधी तू?

उन्हाळ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग हळूच सांगितलं. बघा, आपण घरातून निघताना 'येतो' म्हणतो की नाही? आणि घरातलं माणूस म्हणतं 'या'. दाराशी आलेल्या भिकाऱ्यालासुद्धा लोक पुढच्या खेपेला ये म्हणतात. याला मात्र आजवर कुणी म्हटलं नव्हतं. दर वर्षी हा निघायचा आणि मागं लोक म्हणायचे, गेला एकदाचा. याला ना घर, ना कुणी वाट बघणारं. यंदा निघायची वेळ झाली तेव्हा त्याचा पायच उचलेना. म्हणून तो वेशीवरच्या लिंबाखाली बसून राहिला होता. पहिल्यांदाच कुणीतरी 'बसा दादा' म्हणालं, म्हणून तीन दिवस इथं येत होता.

"तू म्हणत असशील तर आजच्या आज जातो," तो म्हणाला.

कौतिकानं डोळे पुसले. हा गेला की मिरग. मिरग लागला की आई नाही. ती जरा वेळ त्याच्या धुळीच्या पायांकडं बघत राहिली. आणि मग म्हणाली, "जाऊ नकोस. माझा मुऱ्हाळी हो आणि मला माहेरी ने."

मोठी हुशार पोर होती.

तेवढ्यात सासू जागी झाली. ओसरीवर परका पुरुष बघून तिनं कमरेला हात लावले. कोण म्हणून विचारलं. उन्हाळा म्हणाला, हिचा मानलेला भाऊ, न्यायला आलोय. सासू म्हणाली, मुऱ्हाळी असा हात हलवत येत नसतो, माहेरून काय आणलं? मग उन्हाळ्यानं गाठोडं सोडलं. त्यात काय असावं? पाडाला आलेले आंबे. सगळ्या घरात वास सुटला. शेळीसुद्धा उठून आली. सासूचा चेहरा निवळला. बाई वाईट नव्हती हो ती, तिला सुनेची काळजी होतीच. म्हणाली, एवढ्या उन्हात पोरीला नेणार, हिला ऊन लागलं म्हणजे?

उन्हाळा म्हणाला, "माझ्यासंगं असली की नाही लागायचं."

मग सासूनं कौतिकाच्या पदराला कांदा बांधला, कपाळाला कुंकू लावलं आणि चार दिवसांनी नवरा न्यायला येईल असं सांगून तिला पाठवलं.

दोघं निघाली. उन्हाळ्यानं डोक्याचा फेटा सोडला, घडी घातली आणि काखेत मारला. त्याबरोबर कौतिकाच्या पायाखालची वाट गार झाली. माठाखालच्या जमिनीसारखी गार. ती चालत राहिली.

आधी नदी लागली. नदीला पाणी नव्हतं, नुसती वाळू. बायका वाळूत खड्डा करून वाटी-वाटीनं पाणी काढत होत्या आणि उन्हाळ्याच्या नावानं बोटं मोडत होत्या. उन्हाळ्यानं मान खाली घातली. मग माळ लागला. तिथं एक मेंढपाळ मेंढ्यांना स्वतःच्या सावलीत उभं करत होता, आणि तोही तेच बोलत होता. उन्हाळ्यानं मान आणखी खाली घातली. मग बोरखेडची वेस लागली. वेशीतल्या पारावर म्हातारी माणसं बसली होती. त्यांची भाषा काय सांगू, तुमच्यापुढं बोलायसारखी नाही. कौतिकाला फार लाज वाटली. कालपर्यंत तीही हेच बोलत होती. तिनं उन्हाळ्याचा हात धरला. चटका बसला, पण सोडला नाही.

आई दारातच होती. सगळ्या गावाची दारं बंद, हिचं एकटीचं उघडं. दोघी एकमेकींना मिठी मारून रडल्या. उन्हाळा लांब अंगणाच्या कडेला उभा राहिला. मग आईनं विचारलं, कुणी आणलं तुला?

"माय, हा उन्हाळा. यानंच आणलं."

आता आईनं काय करावं? दोन महिने ती रोज दारात बसून याच उन्हाळ्याला शाप देत होती. हा माझ्या लेकीच्या वाटेत आडवा पडलाय, याचं वाटोळं होऊ दे, म्हणत होती. ती त्याच्यापाशी गेली. म्हणाली, "माझ्या शिव्या लागल्या असतील रे तुला."

"रोजच्याच आहेत, माय," तो म्हणाला.

आई त्याला आत घेऊन गेली. पायांवर पाणी घातलं तर वाफ आली. पुन्हा घातलं, पुन्हा वाफ. तिसऱ्यांदा घातलं तेव्हा पाय निवले. त्याला दहीभात वाढला, वर कांदा दिला. मग त्याला आडवं केलं, तळपायाला तूप लावलं आणि काशाची वाटी घेऊन घासत बसली. माझी आईपण मला घासायची तशी. अंगातली उष्णता वाटीत उतरते आणि पाय काळे होतात. त्याचे पाय तर काजळासारखे झाले. आई घासत होती, घासत होती, आणि त्याला झोप लागली. म्हणे तो जन्मात पहिल्यांदा झोपला. तेव्हा भर दुपारी सगळ्या मुलखात गार वारं सुटलं आणि लोक दारं उघडून बघायला लागले, की झालं काय.

तीन दिवस तो राहिला. कौतिका आईच्या मांडीवर डोकं ठेवून बोलत बसायची आणि तो उंबऱ्यात बसून ऐकायचा. चौथ्या दिवशी त्यानं फेटा बांधला. आता पाय उचलत होते. अंगणात गेला आणि मागं वळून म्हणाला, येतो, माय.

आई म्हणाली, "ये. पुढच्या वर्षी लवकर ये, फाल्गुनातच. हिला घेऊन ये. मी वाट बघते."

उन्हाळा तिथंच उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचंच ऊन ते, गालावर यायच्या आत वाळलं. मग तो गेला. नवरा आला, कौतिका सासरी गेली, पेरण्या झाल्या, सगळे आपापल्या घरी सुखात राहिले.

आणि पुढं दर वर्षी काय व्हायचं माहीत आहे? फाल्गुनात पहिली गरम झळ आली की बोरखेडचे लोक कपाळाला हात लावायचे. आला मेला, म्हणायचे. आणि कौतिकाची आई अंगण झाडायची, वाटी घासून ठेवायची आणि दारात जाऊन बसायची. सगळं गाव पावसाची वाट बघायचं. ती एकटी उन्हाळ्याची.

झोपलात का रे? शलाका, ऐकतेस? पंखा बंद पडलाय, घामाघूम झालायत, कळतंय मला. मघाशी तुझी आईही कुरकुरत होती, कसलं हे ऊन म्हणून. तिला लहानपणी ही गोष्ट सांगितली होती, विसरली असेल. उकडतंय ना? उकडू दे. अजून थोडे दिवस उकडू दे, बाळांनो. गार वारं सुटलं की शाळा उघडते आणि तुम्ही जाता. या कुशीवर वळ बघू, मी वारा घालते. झोप आता.