वीस वर्षांची खुंटी

“म्हणजे हा अर्ज वाचून कुणालाही ही खुंटी करता येईल?” इमामचाचांनी विचारलं.

“येईल की,” हेरंब म्हणाला. “वकिलांनी तसंच लिहायला सांगितलंय. एकदा पेटंट मिळालं की वीस वर्षं हिला कुणी हात लावणार नाही.”

चाचा मिरजेतले जुने सतारकार. हेरंब इंजिनिअरची नोकरी सोडून सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हाताखाली आला, आणि त्यातली तीन वर्षं त्याने या एका खुंटीपायी घालवली. हवा दमट झाली की सतारीची खुंटी सरकते, तार उतरते आणि भर मैफलीत वादक खुंटीला घासायला खडूचा तुकडा शोधत बसतो. हेरंबची खुंटी सरकत नव्हती. याचा त्याला गर्व होता, आणि खरं सांगायचं तर तो अगदीच फुकाचा नव्हता.

एक गोष्ट मात्र त्याने अर्जात लिहिली नव्हती. खुंटी कोरण्याआधी शिसवाचं लाकूड तो घरी नऊ दिवस चुन्याच्या निवळीत बुडवून ठेवायचा. चाचांनाही त्याने याचा पत्ता लागू दिला नव्हता. सगळंच सांगून बसलो तर आपल्या हातात राहणार काय, असं त्याला वाटायचं.

चाचांनी चष्मा पुसून अर्ज दोनदा वाचला.

“सोमवारी पाठवतोयस ना? हा माझ्याकडे राहू दे. रविवारी ये.”

रविवारी पावसाची झड लागली होती. दुकानात एक नवी सतार ठेवलेली होती. तिची एक खुंटी हेरंबने केलेली. शेजारची चाचांनी स्वतः कोरलेली, अर्ज समोर ठेवून, मापात केसाचाही फरक न करता.

चाचांनी दोन्ही तारा सुरात लावल्या. चहा मागवला. दोघांनी तो सावकाश संपवला...

मग चाचांनी तारा छेडल्या. हेरंबची तार सुरात होती. चाचांची उतरली होती.

हेरंबला झालेला आनंद लपवता येईना.

“बघितलंत चाचा? तुमच्यासारख्या कारागिराला जमली नाही, तिथे दुसऱ्याची काय कथा! एक गोष्ट मी त्यात लिहिलेलीच नाही.”

“अस्सं...” चाचा म्हणाले. रागावले मात्र नाहीत. “अर्जावर सही कुणाची आहे?”

“माझी.”

“आणि अर्जात लिहिलेली खुंटी, ती या दोन्हींतली कुठली?”

हेरंबने आपल्या खुंटीकडे बोट नेलं. ते तिथे टेकेना... हळूहळू ते शेजारच्या खुंटीकडे सरकलं आणि तिथेच थांबलं.

“उद्या कुणी हुबेहूब तुझ्यासारखी खुंटी केली, तर त्याला कुठला कागद दाखवशील?”

तीन वर्षं हेरंबच्या डोळ्यांपुढून गेली.

चाचांनी उतरलेली तार सोडवली, आपली खुंटी उपसून काढली आणि त्याच्या तळहातावर ठेवली.

“घे बेटा. वीस वर्षं हिला कुणी हात लावणार नाही.”