हरिणीच्या रक्तातला निरोप

फार जुन्या काळी एका रानात एक हरिणी राहायची. तिच्या पोटाकडच्या रक्तवाहिनीच्या भिंतीत एक स्नायूपेशी होती आणि पायाकडच्या रक्तवाहिनीत तिची बहीण.

एका दुपारी पाणवठ्यावर बिबट्या दिसला. लगेच रक्तातून भीतीचा निरोप आला. पोटाकडच्या पेशीच्या दारावर ग्राही नावाचा राखणदार होता. त्याने निरोप घेताच आतल्या कोठारातून कॅल्शियम सुटलं आणि त्याने पेशी आवळली. रक्ताची वाट अरुंद झाली, पोटाकडे जाणारं रक्त कमी झालं.

तेवढ्यात रक्त म्हणालं, "ताई, तुझी बहीण हाच निरोप ऐकून सैल पडली. तिने कॅल्शियम कोठारात परत भरलं."

पेशी गोंधळली. "राखणदारा, तू चुकीचं ऐकलंस का?"

"मला 'आवळ' असंच ऐकू आलं," ग्राही म्हणाला. "तिच्या दारावर दुसरा राखणदार आहे. त्याचं मला ठाऊक नाही."

धरावं की सोडावं, तिला कळेना. तरी ती आवळूनच राहिली. हरिणी जिवाच्या आकांताने पळाली आणि ओढ्यापलीकडे सुखरूप पोचली.

संध्याकाळी पेशीने रक्ताकरवी बहिणीला विचारलं, "बहिणी, चुकलं कोण?"

बहिणीचं उत्तर आलं, "मलाही ते समजलं नाही. पण ऐन वेळी पायांना पळायला माझ्याकडे एवढं रक्त कुठून आलं?"